एक टिचकी, दोन पानं

बालमित्रांनो, एक कोडं घालते. एक चावी आहे. ती कुलपात घालून एकदाच फिरवायची, आणि त्याच क्षणी पुढचं दारही उघडलं पाहिजे आणि मागचंही. जमेल का? तुम्ही म्हणाल, "बाई, दारं दोन, कुलपं दोन, मग एक चावी एका वेळी दोन्हीकडे कशी फिरणार?" अगदी बरोबर. आता हेच कोडं संगणकावर घालते. वेबपानावर निळ्या अक्षरांत एक शब्द आहे. त्याला सगळे लिंक म्हणतात, पुस्तकी मराठीत दुवा. त्या शब्दावर माउसची एकच टिचकी मारायची आणि दोन पानं उघडली पाहिजेत. एकदम! हे जमेल का?

जमतं बरं का. पण वाटतं तितकं सरळ नाही. आणि ते सरळ का नाही, हे शोधायला गेलं की गंमतही सापडते आणि थोडी धास्तीही वाटते.

हा प्रश्न मला सुचलेला नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांनी आपल्या भागाची माहिती देणारी वेबपानं करायला घेतली होती. कुणी मोरया गोसावींचं मंदिर घेतलं, कुणी चाकणचा किल्ला. एका मुलीने घेतलं पेनिसिलिन. पिंपरीत राहणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा भारत सरकारचा औषधांचा कारखाना १९५४ साली पिंपरीतच स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली आणि आपल्या देशातलं पेनिसिलिन इथे तयार होऊ लागलं. मोटारी आणि स्कूटर यांच्या आधी पिंपरीची ओळख होती ती या औषधामुळे.

तर त्या मुलीला हवं होतं असं : ‘पेनिसिलिन’ या शब्दावर टिचकी मारली की एका बाजूला बुरशीची गोष्ट उघडावी. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत चुकून बुरशी उगवली आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मेलेले दिसले, ती गोष्ट. आणि दुसऱ्या बाजूला उघडावं पिंपरीचं पान. तिचं म्हणणं होतं, "दोन्ही एकदम दिसली तरच कळेल ना बाई, लंडनची बुरशी आपल्या पिंपरीत कशी आली ते!"

मागणी किती रास्त आहे बघा. आपण अभ्यास करताना काय करतो? एका हाताशी धडा, दुसऱ्या हाताशी शब्दकोश. इतिहासाचं पुस्तक उघडं आणि शेजारी नकाशा. दोन पानं शेजारी शेजारी ठेवली की डोकं चालायला लागतं. मग लिंक मात्र एका वेळी एकच पान का दाखवते?

लिंकच्या पोटात काय असतं?

वेबपान ज्या खुणांनी लिहितात त्या भाषेचं नाव एचटीएमएल. तिच्यात लिंकसाठी एक खूण असते, तिचं नाव फक्त एक अक्षर – ‘ए’. हा ‘ए’ म्हणजे ‘अँकर’, नांगर. जहाजाचा नांगर हं, शेतातला नव्हे! त्या खुणेच्या आत ‘एचरेफ’ नावाची एक जागा असते आणि तिथे जायच्या पानाचा पत्ता लिहायचा. पत्ता एकच. पोस्टकार्डावर जशी एकाच पत्त्याची जागा असते, तशीच. तिथे दोन पत्ते लिहून बघितलेत, तर ब्राउझर त्या दोघांचा मिळून एकच गिचमिड पत्ता समजतो आणि ‘असं पान सापडलं नाही’ म्हणून सांगतो.

ही रीत ठरवली टिम बर्नर्स-ली यांनी. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत ते काम करत होते. १९८९ साली त्यांनी वेबची कल्पना कागदावर मांडली आणि १९९१ साली ती जगासाठी खुली झाली. एक शब्द, एक पत्ता, तोही एकाच दिशेने. इतकं सोपं होतं म्हणूनच शाळेतली मुलंसुद्धा वेबपान लिहू शकतात, असं मला वाटतं.

पण मौज अशी, की त्यांच्या कितीतरी आधी दोन पानांचा विचार झालेला होता! १९४५ साली व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘द अटलांटिक’ या मासिकात एक लेख लिहिला. त्यात त्यांनी एका टेबलाचं वर्णन केलं. नाव ठेवलं ‘मेमेक्स’. त्या टेबलावर तिरपे पडदे. पोटात हजारो पुस्तकांची पानं बारीक फिल्मवर उतरवलेली. वाचणाऱ्याने दोन पानं शेजारी शेजारी पडद्यावर आणायची आणि एक कळ दाबायची, की ती दोन्ही पानं कायमची एकमेकांना जोडली गेली. पुढे त्यांतलं एक काढलं की दुसरंही मिळणार. एक कळ, दोन पानं! ते टेबल प्रत्यक्षात कधी तयार झालं नाही. पण लेख वाचून कितीतरी जणांची डोकी भणभणली.

त्यांच्या नंतरचे टेड नेल्सन. लिंकांनी जोडलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव त्यांनीच दिलं, १९६०च्या दशकात. त्यांच्या ‘झानाडू’ या योजनेत दोन पानं शेजारी उभी राहतात आणि एका पानावरच्या ओळीपासून दुसऱ्या पानावरच्या ओळीपर्यंत रेघ जाते. आपण ‘जोड्या लावा’ सोडवतो ना, अगदी तशी! आजची लिंक त्यांना अपुरी वाटे. आपण एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि पहिलं पान डोळ्यांआड होतं, ही त्यांची तक्रार. आमच्या वर्गातल्या मुलीचीही तक्रार तीच होती की!

परदेशात कशाला जायचं, आपल्या मराठी विश्वकोशाकडे बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला या विश्वकोशाचं काम सुरू झालं आणि १९७६ साली पहिला खंड निघाला. त्यातल्या नोंदी वाचताना मध्येच एखाद्या शब्दाआधी लहानसा बाण दिसतो. बाणाचा अर्थ असा, की या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, ती बघा. म्हणजे ही कागदावरची लिंकच झाली. फरक इतकाच, की खंड जाडजूड असल्यामुळे आपण पहिला खंड उघडाच ठेवतो, त्यात बोट घालतो आणि दुसरा शेजारी उघडतो. दोन पानं आपोआप समोर. शाळेच्या ग्रंथालयात विश्वकोशाचे खंड असतील तर हे करून बघा. हात दुखतात, पण मजा येते.

दोन पानं उघडली, आणि पंचाईत झाली

भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम कुंई-कुंई आवाज करत जोडला जायचा आणि एकेक पान हळूहळू वरून खाली उलगडायचं. आईबाबांना विचारा, त्यांना तो आवाज नक्की आठवत असेल.

त्याच सुमारास नेटस्केप नावाचा ब्राउझर जोरात होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९६ साली, दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे ‘फ्रेम’. एका पानाचे दोन-तीन कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यात वेगळं पान ठेवायचं. डावीकडे अनुक्रमणिका आणि उजवीकडे मजकूर, अशी पानं तेव्हा सगळीकडे दिसायची. लगेच लोक विचारू लागले, ‘एकाच टिचकीत दोन्ही कप्पे कसे बदलायचे?’ म्हणजे आपला प्रश्न तीस वर्षांचा जुना आहे!

उत्तर दिलं दुसऱ्या गोष्टीने, जावास्क्रिप्टने. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तयार केली. तिचा पहिला नमुना म्हणे दहा दिवसांत झाला. तुमची दिवाळीची सुट्टी त्याहून मोठी असते! एचटीएमएल पानाला रूप देते, तर जावास्क्रिप्ट पानाला हुकूम देते. ‘टिचकी पडली की हे कर, मग ते कर.’ तिच्यात ‘विंडो डॉट ओपन’ असा एक हुकूम आहे. म्हणजे नवी खिडकी उघड. आता टिचकीला दोन कामं सांगता येऊ लागली. दोनच काय, वीस सांगता येऊ लागली. घोटाळा झाला तो इथेच.

ईथन झुकरमन नावाचे एक संगणक-जाणकार तेव्हा ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी काम करत होते. तिथे लोक फुकटात आपली वेबपानं करत आणि त्या पानांवर जाहिराती लागत. एका मोटार कंपनीची जाहिरात एकदा नको तसल्या पानावर दिसली. कंपनी चिडली. मग झुकरमन यांनी युक्ती काढली. जाहिरात पानावर नकोच, ती वेगळ्या छोट्या खिडकीत उघडू दे. झालं, ‘पॉप-अप’ जन्माला आलं! थोड्याच दिवसांत जिकडेतिकडे खिडक्याच खिडक्या. एक बंद करावी तर दुसरी उघडे. काही लबाड खिडक्या तर मागे लपून बसत, म्हणजे मुख्य पान बंद केल्यावरच दिसत. २०१४ साली झुकरमन यांनी एक लेख लिहून याबद्दल जाहीर माफी मागितली. हेतू चांगला होता, असंही त्यांनी म्हटलं. आणि योगायोग बघा, ही माफी छापून आली ‘द अटलांटिक’मध्येच. एक कळ दाबून दोन पानं जोडण्याचं स्वप्न १९४५ साली छापणारं मासिक ते हेच!

लोक इतके वैतागले, की ब्राउझर बनवणाऱ्यांना दारावर पहारेकरी बसवावा लागला. ऑपेरा आणि मोझिला यांनी तो आधी बसवला. २००४ साली मायक्रोसॉफ्टनेही विंडोज एक्सपीच्या सुधारणेबरोबर आपल्या ब्राउझरला तो दिला. या पहारेकऱ्याचा कायदा असा : माणसाने टिचकी मारली असेल तरच नवी खिडकी उघडायची. टिचकीशिवाय आपोआप उघडू पाहणारी खिडकी अडवायची. आणि आजचे बहुतेक ब्राउझर तर इतके काटेकोर, की एका टिचकीला एकच नवी खिडकी. दुसरीला ‘तू थांब!’

हा कायदा वाचला आणि मला आपल्या भागातल्या प्रेसची आठवण झाली. छापखान्याची नव्हे, भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली पॉवर प्रेस. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातली माणसं तिच्यावर काम करत असतील. गाड्यांचे पत्र्याचे भाग त्या यंत्रावर होतात. खाली साचा असतो, त्याला डाय म्हणतात. त्यावर पत्रा ठेवायचा, वरून जड भाग दणकन खाली येतो आणि एका ठोक्यात पत्रा कापला जातो, नाहीतर वाकवला जातो. तो ठोका पत्रा आणि बोट यांत फरक करत नाही. म्हणून चांगल्या प्रेसला एक बटण नसतं, दोन असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडतो. म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात बटणांवर, डायपासून दूर.

आता खरी गोष्ट पुढे आहे. बटणं दाबून तशीच धरली तरी ठोका एकच पडतो. दुसरा हवा असेल तर दोन्ही हात उचलायचे आणि पुन्हा दाबायचं. काम भराभर उरकायला कुणी एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं, तर नीट जोडलेली प्रेस जागची हलत नाही. कारण यंत्राला खात्री हवी असते, की हा ठोका माणसाने आत्ता, मुद्दाम मागितला आहे. जिथे अशी सोय नसते किंवा ती कुणी काढून टाकलेली असते, तिथे कामगारांची बोटं जातात. घरी कुणी प्रेसवर काम करत असेल तर विचारा, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं सांगतील.

ब्राउझरचा पहारेकरी तेच करतो. माणसाने एकदा टिचकी मारली ना? मग एकच खिडकी. एका टिचकीच्या नावावर यंत्राने परस्पर दहा कामं उरकायची नाहीत. बोटं तुटत नसली तरी इथेही नुकसान होतं. पालकांनो, हे तुमच्यासाठी. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो. त्याच्यावरच मुलांचा अभ्यास, त्याच्यावरच गावाकडचे फोन आणि त्याच्यावरच बँकेचं ॲप. मूल ‘पाढे पीडीएफ’ शोधून एका लिंकवर बोट ठेवतं. पाढे उघडतात, पण शेजारच्या टॅबमध्ये ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ किंवा ‘तुम्हाला बक्षीस लागलं आहे’ असं भडक पान उघडतं. मागितलं होतं एक, आलं दुसरंच. मुलांनो, अशा पानावरच्या ‘ओके’ किंवा ‘कॅन्सल’ कशालाच हात लावायचा नाही, कारण ती बटणंही त्याच पानवाल्याने काढलेली असतात. सरळ तो टॅब बंद करायचा आणि मोठ्यांना सांगायचं. न रागावता ऐकून घ्यायचं काम मात्र मोठ्यांचं आहे. रागावलं की पुढच्या वेळी मूल सांगतच नाही. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करायचा. जितका लवकर, तितकं बरं.

मग आपण कसं करायचं?

सगळ्यांत सोप्या उपायात कोड लिहायचाच नाही. कीबोर्डवरची कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि लिंकवर टिचकी मारायची. नवं पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडतं, जुनं आहे तिथेच राहतं. फोनवर लिंक बोटाने दाबून धरली की ‘नवीन टॅबमध्ये उघडा’ असा पर्याय येतो. शिवाय २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्ये पडद्याचे दोन भाग करायची सोय आहे, बऱ्याच फोनवर ती सापडते. पण यात सगळी खटपट वाचणाऱ्याने करायची. आपल्याला तर लिंकलाच शिकवायचं आहे.

तर ऐका. नोटपॅड उघडा. इंटरनेट नसलं तरी चालेल. (मी इथे शब्द नागरीत लिहिते आहे, पण संगणकावर ते रोमन अक्षरांत टंकायचे. एचटीएमएलचं कोणतंही सुरुवातीचं पुस्तक घेतलंत तर या खुणा पहिल्या काही पानांतच मिळतील.) ‘ए’ची खूण लिहा. ‘एचरेफ’मध्ये बुरशीच्या पानाचा पत्ता द्या. आता त्याच खुणेत ‘ऑनक्लिक’ नावाची आणखी एक जागा असते, म्हणजे ‘टिचकी पडल्यावर’. तिच्यात ‘विंडो डॉट ओपन’ लिहा आणि कंसात पिंपरीच्या पानाचा पत्ता द्या. टिचकी मारली की पिंपरीचं पान नव्या टॅबमध्ये उघडतं आणि लिंक आपलं नेहमीचं काम करून याच टॅबमध्ये बुरशीचं पान आणते. दोन पानं!

पहारेकऱ्याने हे कसं चालू दिलं? कारण नवी खिडकी एकच उघडली. दुसरं पान आहे त्या खिडकीतच बदललं, त्याला नवी खिडकी लागलीच नाही. तेच ‘विंडो डॉट ओपन’ दोनदा लिहून बघा, दुसऱ्या वेळी बहुधा अडवणूक होईल. आणखी एक. जुन्या उदाहरणांत ऑनक्लिकच्या शेवटी ‘रिटर्न फॉल्स’ लिहिलेलं सापडतं. ते इथे लिहायचं नाही. त्याचा अर्थ ‘लिंकने आपलं काम करू नये’, मग बुरशीचं पान येणारच नाही. आणि अवतरणचिन्हं! बाहेर दुहेरी वापरली तर आत एकेरी. आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो या चिन्हांनीच.

मोठ्या मुलांसाठी एक ज्यादा गोष्ट. नव्या टॅबमधल्या पानाला, ज्याने त्याला उघडलं त्या जुन्या पानाचा कान धरता येतो. म्हणजे तुमची नजर नव्या पानावर असताना ते मागचं पान गुपचूप बदलू शकतं. साध्या लिंकने नवा टॅब उघडताना हे होऊ नये, याची काळजी २०२१ च्या सुमारापासून मुख्य ब्राउझर स्वतःच घेतात. ‘विंडो डॉट ओपन’ वापरताना मात्र कंसात तिसऱ्या जागी ‘नोओपनर’ असं आपण लिहायचं. परक्याचं पान उघडत असाल तर नक्कीच.

इतकं करूनही आमच्या मुलीचं समाधान झालं नाही. कारण पानं दोन उघडली खरी, पण दिसत होतं एकच. दुसरं टॅबच्या मागे! तिला हवी होती शेजारी शेजारी. मग कप्प्यांकडे परत यावं लागलं. ते जुने फ्रेम आता मोडीत निघाले आहेत, २०१४ साली ठरलेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत त्यांना जागाच नाही. पण त्यांचं धाकटं भावंड आहे, ‘आयफ्रेम’. पानाच्या आत चौकट करायची आणि त्या चौकटीत दुसरं पान बसवायचं. तिसरं एक पान तयार करायचं, त्यात दोन आयफ्रेम घालायच्या, डावीकडे बुरशी आणि उजवीकडे पिंपरी, आणि लिंकने फक्त हे तिसरं पान उघडायचं. आता एका टिचकीला एकच पान उघडलं, पण डोळ्यांसमोर दोन. पहारेकऱ्याची काही तक्रारच नाही. मला स्वतःला हाच मार्ग आवडतो. लिंक जे कबूल करते तेवढंच करते आणि वाचणारा गोंधळत नाही.

यात एक अडचण येईल. बँकेचं किंवा अशा मोठ्या संकेतस्थळाचं पान आयफ्रेममध्ये बसवायला गेलात, तर चौकट कोरी राहील. त्यांनीच ‘आम्हाला कुणाच्या चौकटीत बसवायचं नाही’ असं सांगून ठेवलेलं असतं. तशी सोय २००९ सालापासून ब्राउझरांत येऊ लागली. कारण ऐकण्यासारखं आहे. समजा, एका टेबलावर ‘बक्षीस घ्या’ असं लिहिलेला कागद आहे आणि त्यावर स्वच्छ काच. तुम्ही कागदावरच्या बटणावर बोट ठेवता, पण बोट टेकतं काचेवर. लबाड लोक खऱ्या संकेतस्थळाचं पान आयफ्रेममध्ये घालून अशी न दिसणारी काच करत. दिसतं बक्षिसाचं बटण, आणि दाबलं जातं काचेवरचं ‘परवानगी द्या’. २००८ साली या प्रकाराला ‘क्लिकजॅकिंग’ नाव पडलं. टिचकीची पळवापळवी म्हणा ना! नकाशांची गोष्ट वेगळी. गूगल मॅप्स किंवा ओपनस्ट्रीटमॅप आपणहून आयफ्रेमचा तयार कोड देतात. तो उचलायचा आणि चिकटवायचा, की पिंपरीचा नकाशा आपल्या पानात.

स्वतःची पानं असतील तर कुणाच्या परवानगीचा प्रश्न नाही. प्रत्येक आयफ्रेमची रुंदी ४९ टक्के द्या. पन्नास-पन्नास दिलीत तर मधल्या बारीक जागेमुळे दुसरी चौकट खाली उतरते. फोनच्या अरुंद पडद्यावर मात्र दोन्ही १०० टक्के रुंद करून एकाखाली एक ठेवलेली बरी, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ‘कॅरेक्टर सेट यूटीएफ-८’ सांगणारी ओळ घाला आणि फाइल साठवतानाही तोच पर्याय निवडा, म्हणजे मराठी अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा यायच्या नाहीत. तिन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्या. आणि नव्या टॅबचा मार्ग निवडलात तर लिंकच्या शब्दापुढे कंसात ‘दोन पानं उघडतील’ एवढं लिहायला विसरू नका. मग टिचकी मारा. दुसरं पान आलं नाही, तर पत्त्याच्या पट्टीच्या आसपास बघा. तिथे छोट्या खिडकीचं चित्र किंवा ‘पॉप-अप अडवलं’ अशी सूचना दिसेल. तुमचंच पान आहे, तेव्हा त्याला खुशाल आत घ्या.